‘गुडी गुडी’ म्हणण्याआधी एवढं वाचा: सिनेमा-मालिका-पुस्तकांवर लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी सिनेमा, मालिका, नाटकं आणि पुस्तकं यांच्यावर लिहिणारे, बोलणारे आणि स्टार वाटणारे समस्त समीक्षक, यूट्यूबवाले आणि ‘काल रात्रीच बघितला, चार ओळी लिहितोय’ म्हणून चाळीस ओळी लिहिणारे फेसबुककर

विषय: ‘गुडी गुडी’ हा शब्द जरा जपून वापरण्याबाबत

स.न.वि.वि.

मी समीक्षक वगैरे कोणी नाही, तिकीट काढून सिनेमा बघणारी आणि रात्री जेवताना घरच्यांबरोबर मालिका बघावी लागणारी साधी प्रेक्षक आहे, पण तुम्हा सगळ्यांचं लिखाण मी नेमाने वाचते आणि हल्ली वाचताना एकच शब्द सारखा समोर येतोय. सिनेमात कोणी शिवी दिली नाही, गुडी गुडी. शेवट बरा झाला, गुडी गुडी. सासू चांगली निघाली, गुडी गुडी. एखादा डॉक्टर पेशंटशी नीट बोलताना दाखवला तरी गुडी गुडी (अहो, असतात हो तसेही डॉक्टर, मी बघितलेत). आणि गंमत अशी की जे खरोखर वरपासून खालपर्यंत खोटं गोड असतं त्याला मात्र तुम्ही ‘भव्य’, ‘प्रेरणादायी’, ‘डोळ्यांत पाणी आणणारं’ असं म्हणून साडेतीन स्टार देऊन मोकळे होता.

शब्दावर माझा राग नाही, उलट फार कामाचा शब्द आहे आणि तो असा स्वस्तात उधळला जातोय म्हणूनच हे पत्र. आला तो इंग्रजीतून. तिकडे तो जास्त करून माणसासाठी वापरतात, म्हणजे प्रत्येक वर्गात एक असायचा बघा, तास संपत आला की ‘सर, तुम्ही गृहपाठ तपासायचा राहिला’ असं म्हणणारा, तो. आपण शब्द घेतला आणि माणसावरून उचलून कथेवर, सिनेमावर, मालिकेवर नेऊन बसवला. गोडगोड, गुळगुळीत, गुलुगुलू अशी जोडीची मंडळी मराठीत आधीपासून होतीच, त्यामुळे हा पाहुणा त्यांच्यात इतका मिसळून गेला की आता सत्तरीच्या बायकाही सहज म्हणतात, ‘कसली बाई ती गुडी गुडी सिरियल.’

आणि त्याचं काम दुसरा कुठला शब्द करत नाही हेही खरं. ‘आदर्शवादी’ म्हटलं तर ते जवळजवळ कौतुकच होतं. ‘उदात्तीकरण’ म्हटलं की परिसंवादात बसल्यासारखं वाटतं. ‘स्वप्नरंजन’ म्हणावं तर ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद डोक्यात सुरू होतो. ‘भाबडं’ म्हटलं तर लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला जगच माहीत नव्हतं असा अर्थ निघतो. ‘गुडी गुडी’मध्ये मात्र एक सरळ आरोप आहे, की बाबा रे, तुला माहीत होतं आणि तरी तू दाखवलं नाहीस.

काय दाखवलं नाही? तर माझ्या मते बिल. हॉटेलात दहा जण जेवले, हसले, फोटो काढले आणि निघाले, पण पैसे कोणाच्या खिशातून गेले ते कॅमेऱ्याने टिपलंच नाही, असं ज्या चित्रणात होतं ते गुडी गुडी. गोड आहे का, शेवट सुखाचा आहे का, माणसं चांगली आहेत का, याच्याशी त्याचा तसा संबंध नाही. एवढी एक गोष्ट धरून बघितलं की बरीच नावं यादीतून बाहेर पडतात आणि भलतीच आत येतात.

सगळ्यात जुनं उदाहरण घेऊ, प्रभातचा ‘संत तुकाराम’. 1936 चा सिनेमा, संताचा सिनेमा, चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाला नेणारं विमान आहे, म्हणजे गुडी गुडी व्हायला याहून सोयीचा विषय मिळणार नाही. पण दामले-फत्तेलालांनी त्यात जिजाई ठेवली. आवली म्हणा. गौरी नावाच्या नटीने ती काय केलीय! नवरा अभंगात रमलाय, घरात दाणा नाही, मूल आजारी, आणि ही बाई म्हशीशी बोलते, नवऱ्यावर तोंड टाकते आणि एका क्षणी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबावरच वहाण उगारते. पागनिसांचा तुकाराम जितका शांत तितकी ही तापलेली. भक्तीचं बिल ती भरतेय आणि सिनेमा ते आपल्याला दर दोन प्रसंगांनी दाखवतो, म्हणून तुकाराम खरा वाटतो. हा सिनेमा मुंबईत एका थेटरात वर्षभराहून जास्त चालला, 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. आवलीला गप्प गुणी पतिव्रता केली असती तर काय उरलं असतं सांगा बघू.

आता दुसरं, जे ऐकून माझं डोकं फिरतं. ‘श्यामची आई’ गुडी गुडी आहे म्हणे. हे कोण म्हणतं, तर ज्यांनी शाळेच्या पुस्तकात त्यातला एक धडा वाचलाय आणि बाकीचं ‘ते पायाला घाण लागू नये म्हणून पदर वगैरे’ एवढंच ऐकलंय. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पूर्ण वाचा एकदा. त्यात कर्ज आहे, वसुलीला आलेला सावकाराचा माणूस दारात बसून आईचा अपमान करतो, घरावर जप्ती येते, दागिने जातात, तब्येत जाते, आणि शेवटी श्याम पोचायच्या आत आईच जाते. चांगलं वागण्याची किंमत त्या बाईने अशी पै-पै मोजून दिलीय. रडकं म्हणायचं तर म्हणा, मी भांडणार नाही, मलाही काही पानांवर वाटतं की गुरुजी, आता पुरे. उपदेश जास्त आहे म्हणा, तेही मान्य. पण गुडी गुडी? ज्या पुस्तकात चांगल्या माणसाचं शेवटपर्यंत काहीही चांगलं होत नाही ते गुडी गुडी कसं होईल?

आणि ‘श्वास’. 2004 मध्ये आला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्यात खलनायक नाही, आजोबा चांगले, नातू गोड, डॉक्टर चांगला, समाजसेविका चांगली, सगळे एकमेकांशी माणसासारखे वागतात. आणि तरी पोराच्या डोळ्यांना कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार आहे, आणि आजोबा त्याला ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात ते जग एकदा बघून घे म्हणून. आपल्याकडे एक समज पक्का झालाय की वाईट माणूस असला की वास्तव आणि नसला की गुडी गुडी. अहो, आयुष्यातली निम्मी दुःखं कोणी वाईट न वागताच होतात.

याच्या उलट बघा. मालिका. तिथे खलनायिकांची काय कमी आहे? विष घालतात, जिन्यावर तेल ओततात, कागदपत्रं पळवतात, खोटे रिपोर्ट करतात, म्हणून तुम्ही त्याला ‘मसाला’ म्हणता, गुडी गुडी म्हणत नाही. पण माझ्या हिशोबात मराठी मालिकांइतकं गुडी गुडी काहीच नाही. कारण नायिका सातशे एपिसोड छळ सोसते आणि तिचं वजन कमी होत नाही, झोप उडत नाही, ती एकदाही चिडून मुलावर हात उगारत नाही, तिचा बॉस तिला ‘मॅडम, या महिन्यात किती रजा?’ असं विचारत नाही. बंगल्यात चौदा माणसं राहतात आणि भांडी कोण घासतं ते दिसत नाही. सून नोकरी करते असं पहिल्या आठवड्यात सांगितलेलं असतं, मग ती नोकरी कुठे जाते देव जाणे. आणि मालिका गुंडाळायची वेळ आली की महाएपिसोडमध्ये सगळे दुष्ट एका ओळीत उभे राहून माफी मागतात, ही ‘झालं गेलं विसरून जाऊ’ म्हणते, फॅमिली फोटो. सातशे एपिसोडांचं बिल फाडून टाकलं की हो!

तसेच ते मारधाडीचे सिनेमे. हिरो एका गल्लीत वीस जणांची हाडं मोडतो, त्यातल्या एकाच्याही घरी कोणी वाट बघत नसतं, केस होत नाही, जामीन नाही, तारीख नाही, हिरोच्या मनगटालासुद्धा सूज येत नाही. रक्त आहे म्हणून तुम्ही त्याला ‘रॉ’ म्हणता. मला तो शुद्ध गुडी गुडी वाटतो, फक्त साखरेऐवजी तिखट घातलेला.

‘सैराट’च्या वेळी उलटं झालं होतं, इंटरव्हलला बाहेर येऊन लोक म्हणत होते, काय हे, नुसती गाणी आणि विहिरीत उड्या, गुडी गुडी चाललंय. आणि शेवटी थेटरातून बाहेर पडताना कोणाच्या तोंडून आवाज निघत नव्हता. म्हणजे हा शब्द अर्ध्यात वापरायचा नसतो, बिल शेवटी येतं, तोवर थांबा.

आता मुख्य मुद्द्यावर येते, थोर माणसांची चरित्रं. इथे हा शब्द सर्वात जास्त लागतो आणि इथेच तुम्ही तो वापरायला कचरता.

डॉ. आनंदीबाई जोशी घ्या. दर मार्च महिन्यात व्हॉट्सॲपवर फिरतं ते सगळ्यांना पाठ आहे: नऊ वर्षांची मुलगी, पुढारलेला नवरा, त्याने शिकवलं, अमेरिकेला पाठवलं, पहिली मराठी स्त्री डॉक्टर, सलाम अशा नवऱ्याला. यातलं खोटं काहीच नाही. गोपाळराव पोस्टात नोकरी करणारे, बायकोला शिकवण्याच्या वेडाने झपाटलेले होते, 1883 मध्ये ती एकटी बोटीने गेली, 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाली, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली, ते काम सुरू व्हायच्या आधीच 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने गेली, बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं, ते तर तिच्या डॉक्टर होण्याच्या इच्छेच्या मुळाशीच आहे.

पण तिनेच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे, ते त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. त्यात ती स्पष्ट लिहिते की दहा वर्षांची असताना तुम्ही मला लाकडाने मारलंत, बारा वर्षांची असताना माझ्या अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत, चौदा वर्षांची असताना सोडून जायची धमकी दिलीत, आणि सहन करण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. आणि त्याच पत्रात पुढे ती असंही म्हणते की तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं फार अवघड आहे, शेवटी जे साधायचं होतं ते बघितलं तर बरोबर, पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल ते बघितलं तर चूक.

हे विशीच्या आतबाहेरची मुलगी लिहितेय, परदेशात, थंडीत, तब्येत ढासळत असताना. तिने नवऱ्याला राक्षस केलेलं नाही आणि देवही केलेलं नाही. बिल मांडलंय, दोन्ही बाजू लिहून. आणि आपण काय केलं, तर खुर्च्या पुसून टाकल्या आणि गोपाळरावांचा फोटो ‘प्रत्येक यशस्वी स्त्रीमागे’ या ओळीखाली टाकला. याने आनंदीबाईंचीच उंची कमी होते हे कोणाच्या लक्षात येत नाही का? गुळगुळीत रस्त्याने गेलेली मुलगी मोठी की खुर्च्या चुकवत गेलेली?

कोणी म्हणेल की जुना काळ तसाच होता, लोक मोकळं लिहीत नसत. साफ चूक. लिहीत होते, आपल्यापेक्षा जास्त मोकळं लिहीत होते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 च्या आहेत. विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहणारे न्यायमूर्ती पहिली बायको गेल्यावर वडिलांच्या हट्टापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, ती मुलगी म्हणजे स्वतः रमाबाई, आणि शिकायला लागल्यावर घरातल्या बायकांनी काय काय ऐकवलं ते त्या लपवत नाहीत. तरी पुस्तकभर नवऱ्याबद्दलचं प्रेम ओसंडून वाहतंय. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक, त्यांचा तापट स्वभाव, त्यांचं न सांगता निघून जाणं, हे सगळं त्या अशा सांगतात की हसता हसता आपल्याला त्यांचं पोट किती जळलं असेल ते कळतं. नंतर 1990 ला पु. लं.च्या पत्नी सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि वाचकांतले कितीतरी लोक भडकले, आमच्या भाईंबद्दल (म्हणजे पु. लं.बद्दल) असं कसं लिहिता म्हणून. म्हणजे स्वतःच्या संसाराबद्दल काय लिहायचं ते बायकोला चाहत्यांनी शिकवायचं!

इथे दोष फक्त सिनेमावाल्यांचा नाही हे मला कळतं. थोर माणसाच्या हातात पडद्यावर ग्लास दिसला की आपणच ओरडतो, वंशजांच्या नोटिसा येतात, कोणीतरी थेटरासमोर बोर्ड घेऊन उभं राहतं, प्रोड्यूसर म्हणतो नको ती भानगड, आणि लेखक बिचारा तो सीन काढून त्या जागी सूर्योदय आणि बासरी टाकतो. त्यात पैसे घालणाऱ्याची भीती मी समजू शकते. पण तुम्हाला कसली भीती आहे? तुम्ही परीक्षण लिहिताय, तुम्हाला तर सूर्योदय आणि बासरीच्या मागे काय झाकलंय ते विचारता येतं ना.

आणि विचारायची पद्धतही असते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’बद्दल काहींनी गुडी गुडी म्हटलं होतं आणि काही जण त्यावर तुटून पडले होते. मला वाटतं दोन्ही बाजू थोड्या बरोबर. परेश मोकाशींनी दादासाहेब फाळक्यांची ‘राजा हरिश्चंद्र’ काढतानाची गोष्ट हसतखेळत सांगितली, पण घरातलं सामान विकलं जातंय, डोळे जायची वेळ आलीय, सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाकही करतायत आणि फिल्मची कामंही करतायत, बायका काम करायला तयार नाहीत म्हणून तारामतीच्या भूमिकेत साळुंके नावाचा पुरुष उभा, हे सगळं त्यात दिसतं, फक्त कोणी त्यावर रडत नाही. हा सूर आहे, लपवणं नव्हे. मात्र सिनेमा चांगल्या दिवसांतच थांबतो, आणि फाळके नंतर तीस वर्षं जगले, स्वतःच उभारलेल्या कंपनीत भांडणं झाली, बोलपट आले, काम हातातून गेलं, 1944 ला नाशिकला गेले तेव्हा त्यांची फारशी कोणाला पडलेली नव्हती. आता कुठे थांबायचं हा दिग्दर्शकाचा हक्क की पळवाट, यावर तुम्ही लिहा की. त्यावर वाद घाला, मी दोन्हीकडचं वाचेन. पण नुसतं ‘जरा गुडी गुडी वाटला, तीन स्टार’ याने कोणाचं काय भलं होतं?

जाता जाता एक, कारण रील्सवर लिहिणारेही तुमच्यात आहेत. पावसाळा लागला की कोकणाची रील्स सुरू होतात, कौलारू घर, लाल वाट, चुलीवरची भाकरी, ‘मुंबई सोडून इथेच राहावंसं वाटतं’. छानच दिसतं, मीही बघते. पण त्याच घरातले कर्ते लोक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला का गेले, गाव मनीऑर्डरवर का चाललं, इतका पाऊस पडूनही मे महिन्यात विहीर तळाला का जाते, माकडांनी बाग खाल्ली तर माणूस काय करतो, आणि ती चुलीवरची भाकरी करणाऱ्या काकूंच्या डोळ्यांत किती धूर जातो, हे तीस सेकंदांत बसत नाही असं नाही, ते बसवायचं नसतं. तुम्ही त्याला ‘मातीशी जोडलेलं’ म्हणून शेअर करता. मी तर म्हणते काकूंना एकदा विचारा, गॅस हवाय का म्हणून.

तर माझी विनंती एवढीच आहे. गुडी गुडी म्हणायचं तर पुढच्याच वाक्यात काय लपवलंय आणि कोणाचं लपवलंय ते सांगा. आईचं, मोलकरणीचं, धाकट्या भावाचं, पहिल्या बायकोचं, ज्याची जमीन गेली त्याचं, जे असेल ते. सांगता येत नसेल तर मग ‘मला कंटाळा आला’ असं लिहा, तेही प्रामाणिक आहे, त्यालाही मी लाइक देईन. आणि पुढचा चरित्रपट येईल तेव्हा, तो तर येणारच, दर दोन महिन्यांनी एकाचा टीझर असतोच, त्यात ढोल-ताशे आणि स्लो मोशन बघून भारावून जायच्या आधी त्या घरातली बाई पडद्यावर किती मिनिटं आहे आणि तिला बोलायला काय दिलंय ते बघा. दिवा ओवाळायला दोनदा आणि ‘लवकर या’ म्हणायला एकदा, एवढंच असेल तर बिनधास्त लिहा गुडी गुडी, ठळक अक्षरात लिहा, मी स्वतः चार ग्रुपवर पाठवेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक तिकीटवाली प्रेक्षक

ता. क.: फोनचा कीबोर्ड ‘गुडी गुडी’चं आपोआप ‘गुढी गुढी’ करतो. गेल्या महिन्यात एका परीक्षणाचा मथळाच तसा गेला होता आणि खाली कमेंटमध्ये लोक पाडव्याच्या शुभेच्छा देत होते. टाकायच्या आधी एकदा बघून घ्या.